किल्ल्याचे दरपत्रक आणि रयतेची जागा : अद्भुतरम्य भूमिकाखेळांतील दुर्गबांधणीच्या नियमांची चिकित्सा

प्रस्तावना

कादंबरीत किल्ला येतो तेव्हा लेखकाने त्याचे वर्णन कसे केले आहे, याचा विचार समीक्षक करतो. खेळाच्या नियमपुस्तकात किल्ला येतो तेव्हा तेथे वर्णन जवळजवळ नसते. दर असतो, मुदत असते आणि अट असते. तटाच्या शंभर फुटांना किती सुवर्णमुद्रा पडतील, बांधकामास किती दिवस लागतील आणि बांधण्याचा अधिकार कोणाला व केव्हा मिळेल, एवढेच तेथे सांगितलेले असते. अशा रूक्ष मजकुराला समीक्षेचा विषय करावे काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. प्रस्तुत लेखाचे उत्तर होकारार्थी आहे. दरपत्रकात काय घेतले आणि काय वगळले, यावरून ते रचणाऱ्याची सत्तेविषयीची कल्पना कळते. शिवाय हे दरपत्रक वाचणारा नुसता वाचक नसतो. त्याप्रमाणे वागून पाहणारा तो खेळाडू असतो.

येथे ज्यांना 'भूमिकाखेळ' म्हटले आहे, ते इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखले जातात. टेबलाभोवती चार-सहा माणसे बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार असतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. पात्र काय करू पाहते ते खेळाडू तोंडी सांगतो, आणि ते साधले की नाही हे नियम, फासे व सूत्रधाराचा निर्णय यांवरून ठरते. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. एकच कथा महिनोन्महिने चालू राहू शकते. पात्राचा अनुभव वाढतो तशी त्याची 'पातळी' वाढते. या प्रकारचा पहिला प्रसिद्ध झालेला खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ मध्ये अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. प्रस्तुत विवेचन मुख्यतः याच खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांपुरते मर्यादित आहे.

या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. भुयारात उतरून खजिना लुटणारे साहसी पात्र ज्या ठिकाणी राज्यकर्ता बनते, ते ठिकाण म्हणजे दुर्गबांधणीचा नियम. राज्यकर्ता होणे म्हणजे इतर माणसांशी देण्याघेण्याचे, भयाचे व विश्वासाचे नाते जोडणे. त्या माणसांना नियमांत कोठे बसवावयाचे, हा प्रश्न या खेळाने पन्नास वर्षांत कधी अर्धवट सोडवला, कधी टाळला, आणि अलीकडे ती माणसेच बाजूस सारून मिटवला.

तळघराची ओढ

या खेळाची मुळे युद्धखेळांत आहेत. लहान पुतळ्यांच्या साहाय्याने इतिहासातील लढाया टेबलावर पुन्हा लढून पाहण्याचा हा छंद. गायगॅक्स व जेफ पेरेन यांची 'चेनमेल' ही नियमपुस्तिका १९७१ मध्ये आली. मध्ययुगीन लढायांसाठी रचलेल्या या पुस्तिकेत वेढ्याचेही नियम होते आणि अखेरीस अद्भुत प्राण्यांविषयी एक पुरवणी होती. याच सुमारास मिनेसोटा राज्यात डेव्ह अर्नसन यांनी 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक मुलुखात आपल्या मित्रमंडळींचा खेळ सुरू केला. मुलुखात एक किल्ला होता आणि त्या किल्ल्याखाली भुयारे होती. किल्ला व मुलूख राखणे हे खेळाडूंचे काम. ते रमले मात्र भुयारांत. वरच्या कारभाराकडे झालेल्या दुर्लक्षाचा परिणाम असा झाला की शत्रुपक्षाने किल्ला घेतला आणि नायकांना परागंदा व्हावे लागले. अर्नसन यांनी या मुलुखाची टिपणे पुढे १९७७ मध्ये 'द फर्स्ट फँटसी कॅम्पेन' या नावाने प्रसिद्ध केली.

पुढच्या सगळ्या पेचाचे बीज या प्रसंगात आहे. खाली उतरणे थरारक आहे. वर राहून धान्य, पगार आणि पहारे यांचा हिशेब ठेवणे कंटाळवाणे आहे. खेळाच्या कर्त्यांनी हा पेच १९७४ मध्ये एका हुशार तोडग्याने सोडवला. त्यांनी किल्ला आरंभी न ठेवता शेवटी ठेवला. पात्राने अनेक भुयारे पालथी घालावीत, द्रव्य साठवावे, नवव्या पातळीला पोचून 'लॉर्ड' ही पदवी मिळवावी आणि मग किल्ला बांधून सरदार व्हावे. धर्मोपदेशकाच्या वर्गातील पात्राला तर दैवी साहाय्यही ठेवले होते: त्याने एक लक्ष सुवर्णमुद्रा खर्चिल्या की दोन लक्षांची वास्तू उभी राही. म्हणजे किल्ला हे कर्तव्य राहिले नाही. ते बक्षीस झाले. बक्षिसाला देखभाल लागत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. किल्ल्याच्या बाबतीत ती खोटी ठरते, आणि नियमांची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते.

दर, मुदत आणि मजूर

किल्ल्याचे सर्वांत नीटस दरपत्रक १९८१ च्या 'एक्स्पर्ट' संचात आढळते. डेव्हिड कुक व स्टीव्ह मार्श यांनी संपादिलेल्या या पुस्तकात शंभर फूट लांब व वीस फूट उंच तटाची किंमत ५,००० सुवर्णमुद्रा आहे. चौकोनी बालेकिल्ल्याची ७५,०००. लहान गोल बुरुजाची १५,०००. दरवाजाच्या इमारतीची ६,५००. आणि शंभर फूट खंदकाची ४००. दर ५०० मुद्रांच्या कामास एक दिवस आणि दर एक लक्ष मुद्रांमागे एक स्थापत्यविशारद, असे प्रमाण दिलेले आहे.

या दरांनी एक साधी गढी बांधून पाहू. एक बालेकिल्ला, चारी बाजूंना शंभर-शंभर फूट तट, दोन लहान बुरूज, एक दरवाजा आणि सभोवती चारशे फूट खंदक. एकूण खर्च १,३३,१०० सुवर्णमुद्रा, मुदत सुमारे २६७ दिवस, स्थापत्यविशारद दोन. हिशेब पाच मिनिटांत होतो आणि तो करताना मौज वाटते, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. चौकटीच्या कागदावर आपल्या गढीचा नकाशा काढणे आणि पैसे पुरत नाहीत म्हणून एक बुरूज खोडणे, यातील आनंद खरा आहे. या नियमांचे आयुष्य दीर्घ ठरले याचे एक कारण हा आनंद होय.

पण या हिशेबात स्थापत्यविशारदाखेरीज बांधणारा कोणी नाही. पाथरवट, गवंडी, लोहार, गाडीवान, बिगारी हे सर्व '५०० मुद्रा म्हणजे एक दिवस' या एका प्रमाणात विरघळून गेले आहेत. ज्या मध्ययुगीन युरोपातून या खेळाने आपली सामग्री घेतली, तेथील एक कागद याच्याशेजारी ठेवून पाहावा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकल्यावर उभारलेल्या किल्ल्यांपैकी अँगलसी बेटावरील ब्यूमॅरिस किल्ल्याचे काम १२९५ मध्ये सुरू झाले. त्यावरील मुख्य स्थपती मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज याने १२९६ मध्ये राजाच्या खजिन्याच्या अधिकाऱ्यांना पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात ४०० गवंडी व पाथरवट, २,००० साधे मजूर, २०० खाणकामगार, ३० लोहार, तसेच १०० गाड्या, ६० मोठे गाडे व ३० नावा यांचा उल्लेख येतो. त्याच पत्रात मजुरांचा पगार थकल्याची आणि खायला नसल्यामुळे त्यांना कामावर टिकवून धरणे अवघड झाल्याची तक्रार आहे. ब्यूमॅरिस किल्ला कधीच पूर्ण झाला नाही. आजही त्याचे बुरूज योजिलेल्या उंचीपर्यंत पोचलेले नाहीत.

खेळातील किल्ला मात्र अपुरा राहत नाही. पैसे भरले आणि दिवस सरले की तो उभा राहतो. पगार थकणे, मजूर पळून जाणे, दगडाची नाव न येणे या गोष्टी सूत्रधाराने आपण होऊन आणल्या तरच येतात. नियम त्यांची मागणी करीत नाही. येथे तपशील सोडल्याचा आक्षेप नाही, कारण प्रत्येक खेळ तपशील सोडतो. आक्षेप असा की जो तपशील सोडला तो सगळा एकाच बाजूचा आहे. दगडाला दर आहे, दरवाजाला दर आहे, खिडकीलाही दर आहे. ज्या हातांनी दगड चढवला त्यांना नाही.

याच यादीत आणखी एक उणीव मराठी वाचकाच्या लक्षात चटकन येईल. खंदकाची किंमत आहे, पण विहिरीची नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण गडावरील पाण्याची चिंता बांधकामाच्या आधी करते. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, असे सांगते. सभासदाच्या बखरीत गडाचा कारभार हवालदार, सरनोबत व सबनीस यांच्यात वाटून दिल्याची नोंद आहे. या ग्रंथांच्या मापाने अमेरिकेतील एका खेळाला दोष देणे अनुचित होईल. त्यांचे प्रयोजन वेगळे आणि काळही वेगळा. तरी किल्ल्याविषयीचा विचार भिंतीपासून सुरू न करता वेढ्यात अडकलेल्या माणसाच्या तहानेपासून किंवा किल्लेदाराच्या संभाव्य फितुरीपासूनही सुरू करता येतो, एवढे त्यांवरून दिसते. भिंतीपासून सुरुवात करणे ही एक निवड आहे.

मोकळी केलेली जमीन

किल्ला बांधण्यापूर्वी जमीन लागते. इंग्लंडमध्ये तटाला झरोक्यांचा कंगोरा चढवण्यासाठी राजाकडून परवाना घेण्याची पद्धत होती. किल्ल्याचा हक्क वरून उतरत असे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या आरंभीच्या नियमांत असा वरिष्ठ कोणी नाही. १९७४ च्या पुस्तिकेनुसार गढीभोवतीचा वीस मैलांपर्यंतचा मुलूख राक्षसी प्राण्यांपासून मुक्त राखता येतो. १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये लढवय्या पात्राने वीस ते पन्नास मैल त्रिज्येचा मुलूख शत्रूंपासून मोकळा करावा, किल्ला बांधावा, म्हणजे शिपाई आपण होऊन त्याच्याकडे येतील, असा नियम आहे.

'मोकळा करणे' हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. पात्र येण्यापूर्वी जमिनीवर जे राहत होते, त्यांची गणना 'प्राण्यां'त होते. पात्र स्थिरावल्यावर तेथे जे येतात, त्यांची गणना 'रहिवाशां'त होते. हा मुलूख नावाने मध्ययुगीन युरोपातला असला, तरी त्याची रीत अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील वसाहतीची आहे: रिकामी मानलेली भूमी, तेथे जाऊन उभारलेले ठाणे आणि पराक्रमातून आपोआप मिळणारा मालकीहक्क.

गायगॅक्स यांची 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही सुप्रसिद्ध साहसपुस्तिका या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. १९७९ च्या अखेरीस आलेल्या या पुस्तिकेने खेळाडूंच्या एका पिढीला सरहद्दीवरचा किल्ला म्हणजे काय ते शिकविले. एका बाजूला माणसांचे ठाणे, दुसऱ्या बाजूला निरनिराळ्या राक्षसी टोळ्यांच्या गुहा. ठाण्यातील माणसांना पुस्तिकेत व्यक्तिनामे नाहीत. किल्लेदार, कारभारी, लोहार, पुजारी अशा हुद्द्यांनीच ती ओळखली जातात. नावे ठेवण्याचे काम सूत्रधारावर सोडलेले आहे. गुहांच्या वर्णनात मात्र लढवय्यांखेरीज टोळ्यांतील स्त्रिया व पिल्ले यांची संख्याही नमूद आहे. ती लढत नाहीत, पण तेथे आहेत. त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न पुस्तिका विचारीत नाही. टेबलाभोवती बसलेल्यांना तो पडल्याखेरीज राहत नाही. नियमांनी जमीन रिकामी म्हटली तरी ती रिकामी नव्हती, याची कबुली या एका आकड्यात अनवधानाने का होईना, देऊन टाकलेली आहे.

रयत : आकडा आणि आवाज

गढी उभी राहिली की गावे येतात. १९७४ च्या नियमांत गढीच्या मुलुखात दोन ते आठ गावे आणि प्रत्येक गावात शंभर ते चारशे वस्ती, असे प्रमाण आहे. सरदाराचे उत्पन्न दर रहिवाशामागे वर्षाला दहा सुवर्णमुद्रा. १९७८ मध्ये लढवय्या सरदारासाठी हा दर माणशी दरमहा सात रौप्यमुद्रा झाला. पीक बुडाले तर काय, हे सांगितलेले नाही. सूट नाही, तगाई नाही. रहिवासी म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम देणारी एक संख्या.

तथापि १९७४ च्या त्याच पुस्तिकेत एक विलक्षण नियम आहे. त्याचा रोख 'संतप्त गावकऱ्यां'कडे आहे. एखाद्या खेळाडूने अक्षम्य अत्याचार केला असे सूत्रधाराला वाटले, तर गावकरी, नगररक्षक इत्यादींना त्याच्यावर सोडून त्याला वठणीवर आणावे, असा त्याचा आशय. लिहिण्याचा सूर थट्टेचा आहे. भयपटांचा दाखला देऊन तो नियम येतो. मात्र खेळाच्या पहिल्याच आवृत्तीत रयतेला एक कृती करता येत होती, आणि ती कृती बंडाची होती, हे विसरता येत नाही. कर देणारी संख्या एकाएकी जमाव होऊन दारात उभी राहू शकत होती. अर्थात तो जमाव सूत्रधाराचे हत्यार होता. त्याची स्वतःची तक्रार काय, हे नोंदवण्याची जागा नियमात नव्हती.

ती जागा काही अंशी १९८४ मध्ये मिळाली. फ्रँक मेंट्झर यांच्या 'कम्पॅनियन' संचात मुलुखाच्या कारभाराचे सविस्तर नियम आले. लोकसंख्या कुटुंबांत मोजली जाऊ लागली. उत्पन्नाचे सेवारूप, कररूप व नैसर्गिक साधनांचे असे भाग पडले. मिळकतीचा पाचवा हिस्सा वरच्या सत्ताधीशाला द्यावा लागू लागला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'विश्वासपातळी' नावाचा एक आकडा आला. राज्यकर्त्याचे वर्तन, कर, सण-उत्सव, आपत्ती यांनुसार तो वर्षागणिक वर-खाली होई. तो फार खाली गेला की उत्पन्न घटे, दरोडेखोरी माजे आणि बंड होई. आता रयतेची नाराजी सूत्रधाराच्या मर्जीवर राहिली नाही. तिला गणित मिळाले.

हा बदल मोलाचा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याचबरोबर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. विश्वासपातळी हा संपूर्ण मुलुखाचा एकच आकडा आहे. वरच्या आळीतला सावकार आणि गावाबाहेरचा मजूर यांचा विश्वास त्यात एकाच वेळी वाढतो किंवा घटतो. शिवाय याच नियमसंचात करांचे व साधनांचे उत्पन्न राज्यकर्त्याच्या अनुभवगुणांत जमा होते. भुयारातील खजिना लुटून पात्र जसे मोठे होत होते, तसेच ते आता वसुलीने मोठे होते. किल्ल्याने लुटारूचा राजा केला, असे म्हणताना लुटीचा हिशेब तोच राहिला, हेही म्हणावे लागते.

दोन वेगळ्या वाटा

हीच अडचण याच दशकात इतर दोन खेळांनी वेगळ्या रीतीने हाताळली. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 'पेंड्रॅगन' (१९८५) या राजा आर्थरच्या काळावरील खेळात प्रत्येक वर्षाच्या शेवटी 'हिवाळ्या'चा टप्पा येतो. साहस संपवून सरदार आपल्या जहागिरीत परततो. त्या वर्षाची आर्थिक स्थिती, घोड्यांचे जगणे-मरणे, लग्न, अपत्ये आणि स्वतःचे वार्धक्य यांचा निवाडा फाशांनी होतो. पात्र मरते आणि खेळाडू त्याच्या मुलाची भूमिका घेतो. तळघराची ओढ आणि वरचा कारभार यांचे भांडण येथे ऋतूंची वाटणी करून मिटवले आहे. वास्तू ही येथे बक्षीस नाही. ती एका पिढीकडून दुसरीकडे जाणारी जबाबदारी आहे.

जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांचा 'आर्स मॅजिका' (१९८७) याहून पुढे जातो. येथे सर्व खेळाडूंचे जादूगार एका सामाईक ठाण्यात राहतात, आणि त्या ठाण्याचे शिपाई व सेवक हीदेखील पात्रे असतात. ही पात्रे कोणा एकाच्या मालकीची नसतात. ज्या दिवशी ज्याचा जादूगार घरी बसला असेल त्याने एखाद्या शिपायाची भूमिका घ्यावी, अशी रीत आहे. काल ज्याने ठाण्याचा धनी म्हणून हुकूम सोडला, तोच आज तो हुकूम पाळणारा पहारेकरी होतो. शिबंदीला आकड्यातून बाहेर काढण्याचा याहून सोपा मार्ग सुचवणे कठीण आहे. त्यासाठी करांची कोष्टके वाढवावी लागली नाहीत. भूमिका घेणे हे या खेळाचे जे मूळ बळ, तेच खालच्या माणसापर्यंत नेले. कोष्टकाने जे साधत नाही ते भूमिकेने साधते, हा या दोन खेळांचा धडा आहे.

रयतेविना किल्ला

डन्जन्स अँड ड्रॅगन्सने हा धडा घेतला असे म्हणता येत नाही. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत किल्ला व अनुयायी ही वर्गाच्या वाढीबरोबर मिळणारी गोष्ट राहिली नाही; अनुयायी हवे असतील तर नेतृत्वाचे एक ऐच्छिक कौशल्य घ्यावे लागे. २००२ मध्ये 'स्ट्राँगहोल्ड बिल्डर्स गाइडबुक' हे दुर्गबांधणीवरच संपूर्ण पुस्तक आले. त्यात वास्तू ठरावीक मापाच्या खणांत मोडलेली आहे: स्वयंपाकघर, कोठार, ग्रंथालय, कैदखाना असे खण निवडावेत, भिंतीचे द्रव्य निवडावे, जादूची जोड द्यावी. कल्पकतेला एवढा वाव पूर्वीच्या कोणत्याही नियमांनी दिला नव्हता. परंतु पुस्तकाचा भर वास्तूवर आहे. वास्तूभोवतीच्या मुलुखावर नाही. २०१४ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये तर विषय काही ओळींवर आला: छोटा किल्ला ५०,००० सुवर्णमुद्रा व ४०० दिवस, मोठा किल्ला ५,००,००० मुद्रा व १,२०० दिवस.

२०२४ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'ने किल्ल्याला 'बॅस्टियन' या नावाने पुन्हा मध्यवर्ती स्थान दिले. आता नवव्या पातळीची वाट पाहावी लागत नाही. पाचव्या पातळीलाच पात्राला आपले ठाणे मिळते. खेळातील दर सात दिवसांनी एक फेरी होते. प्रत्येक विशेष दालनाला हुकूम देता येतो, आणि तेथून वस्तू, माहिती वा माणसे मिळतात. खेळ म्हणून ही रचना सुटसुटीत आहे. प्रत्येक खेळाडूला काहीतरी आपले मिळते आणि कोणा एकाच्या हिशेबासाठी बाकीच्यांना ताटकळत बसावे लागत नाही. ब्लॅकमूरमधला पेच अखेर सुटला, असे कोणी म्हटल्यास ते अगदीच चूक नाही.

पण तो कशाच्या बदल्यात सुटला? ठाण्याभोवती गावे लागत नाहीत, कर नाही, विश्वासपातळी नाही. दालनांतील सेवकांचा पगार ठाण्याच्या उत्पन्नातून परस्पर भागतो. हल्ला झाला तर सहा फासे टाकले जातात आणि जितक्या फाशांवर एक येईल तितके रक्षक मरतात. पुढे हुकूम दिला की नवे रक्षक विनामूल्य भरती होतात. सेवकांना नावे व स्वभाव देण्याची मुभा खेळाडूला आहे, परंतु त्या नावावर पुढे काहीच अवलंबून नाही.

याच्या समर्थनार्थ असे म्हणता येईल की वेठ, कर आणि जमीनदारी यांचा खेळ करण्यापेक्षा ती काढून टाकणे नैतिकदृष्ट्या बरे. जमीन 'मोकळी' करण्याची अटही येथे नाही, हे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र येथे वेठ संपली आहे की केवळ दिसेनाशी झाली आहे, हे पाहावयास हवे. भट्टीजवळ कोणी राबतेच आहे, बागेतून औषधी कोणी खुडतेच आहे, पहाऱ्यावर कोणी मरतेच आहे. १९७४ चा सरदार निदान कर घेत होता आणि म्हणून त्याच्या दारात जमाव येऊ शकत होता. २०२४ चा धनी काहीच घेत नाही असे दिसते. म्हणून त्याला जाब विचारण्याचा हक्कही कोणाला उरत नाही. जुना नियम ओबडधोबड होता, क्वचित क्रूरही होता. सत्तेला विरोध होऊ शकतो हे मात्र त्याला ठाऊक होते.

एका आक्षेपाचा विचार

हे सर्व एका करमणुकीवर लादलेले ओझे आहे, असा आक्षेप येथे संभवतो. बुद्धिबळाच्या प्याद्याला पगार मिळतो काय, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्याच उदाहरणात आहे. बुद्धिबळाने शिपायाचे सर्व जीवन गाळले, पण शिपायाला पटावर ठेवले. तो अडतो, अडवतो, मरतो आणि शेवटच्या घरात पोचला तर वजीर होतो. राजाचा विचार प्याद्याला वगळून करता येत नाही, हे त्या खेळाच्या रचनेतच आहे. म्हणून कोणता तपशील गाळला यापेक्षा गाळल्यानंतर संबंध शिल्लक राहिला की नाही, ही खरी कसोटी होय. 'आर्स मॅजिका'त तो राहिला आहे. 'बॅस्टियन'मध्ये राहिलेला नाही.

या प्रश्नाशी अध्यापकांचाही संबंध आहे. इतिहास, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या वर्गात भूमिका घेऊन शिकण्याच्या पद्धतीचा उपयोग होतो. अशा वेळी विद्यार्थ्याला राजा, सेनापती किंवा अधिकारी करण्याकडे आपला कल असतो. रयत हा त्याच्या निर्णयाचा परिणाम म्हणून कागदावर लिहिलेला आकडा असतो. खेळाच्या नियमांनी पन्नास वर्षांत केलेली चूक वर्गात पुन्हा करण्याचे कारण नाही. हुकूम देणाऱ्याची भूमिका ज्याने केली, त्यानेच पुढच्या तासाला हुकूम झेलणाऱ्याची करावी, एवढा साधा नियमही पुष्कळ शिकवून जाईल.

समारोप

दुर्गबांधणीच्या या नियमांचा प्रवास दगडाच्या दरापासून सुरू झाला, मध्ये रयतेच्या विश्वासापर्यंत पोचला आणि पुन्हा चार भिंतींच्या आत परतला. या प्रवासात खेळ अधिक सुबक झाला, अधिक न्याय्यपणे टेबलावरील सर्वांना वाटला गेला, आणि त्याच वेळी किल्ला म्हणजे काय याविषयीची त्याची समज उथळ झाली. किल्ला म्हणजे आतल्यांचे व बाहेरच्यांचे परस्परांवर अवलंबून असणे. ते अवलंबन नियमांत आणण्याचे दोन मार्ग वर दाखविले आहेत. ते उपलब्ध असताना माणसेच वगळणे हा नाइलाज मानता येत नाही.

महाराष्ट्रातील मुले दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला करतात. त्याला दरपत्रक नसते. वर सिंहासन मांडून झाले की मूल किल्ल्याच्या पायथ्याशी उतरते. तेथे विहीर खणली जाते, हळिवाचे शेत उगवते, गवळण, शेतकरी आणि भाजीवाली येऊन बसतात. ती कशासाठी, असे विचारले तर मुलाला उत्तर सांगता येईलच असे नाही. पण ती मांडल्याशिवाय आपला किल्ला पुरा झाला असे त्याला वाटत नाही. खेळाच्या नियमकर्त्यांना जे पन्नास वर्षांत ठरवता आले नाही, त्यातील निम्मे तरी या न सांगता येणाऱ्या उत्तरात असावे.